मुळशीच्या वाटेवरील मृदंग

आज श्रीरामनवमी. माध्यान्हीचा सूर्य माथ्यावर आला की घरोघरी पाळणा हलेल, सुंठवडा वाटला जाईल आणि जन्मकाळाचे कीर्तन ऐकून मंडळी तृप्त मनाने घरी परततील. कीर्तनकार बुवांचे नाव सर्वांच्या मुखी राहील. त्यांच्या पाठीशी गळ्यात मृदंग अडकवून दोन-दोन तास उभा राहिलेला वादक कोण, हे मात्र फारच थोड्यांच्या ध्यानी राहील.

चैत्रात पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणाऱ्या प्रवाशाला वाटेवरच्या गावांतून अखंड हरिनाम सप्ताहाचे मंडप दिसतात. हा मुळशीचा मुलूख भाविकांचा आणि तितकाच मानी. टाटांच्या धरणासाठी जमिनी जाऊ लागल्या तेव्हा येथील शेतकऱ्यांनी १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्याच मुहूर्तावर, सत्याग्रह आरंभिला आणि पुढे सेनापती बापटांनी त्याचे नेतृत्व केले. धरण झालेच, शेते व वस्त्या पाण्याखाली गेल्या. पण काकडा, पारायण, हरिपाठ आणि रात्रीचे कीर्तन हा क्रम त्या पाण्याच्या काठावरील गावांनी सोडला नाही.

अशा मंडपात सहज म्हणून टेकलेल्या वाटसरूला जे ऐकावयास मिळते, ते शहरातील तिकीट काढून ऐकलेल्या मैफलीहून उणे नसते. कीर्तनाआधी वादक परातीतील कणीक हातावर मळून डाव्या पुडीवर थापतो, बोटाने पाणी लावतो, एक थाप देऊन कान देतो, थोडी कणीक काढतो, पुन्हा थाप देतो. उजवी पुडी हातोडीने गट्टे ठोकून पेटीच्या सुराला मिळवून घेतो. (हल्ली काही वादक कणकेचा खटाटोप टाळून डाव्या पुडीवरही कायमचा लेप घेतात, सोय होते, पण कणकेचा तो ओलसर घुमारा निराळाच.) मग गजर सुरू होतो. टाळकऱ्यांची लय चढू लागते आणि साध्या भजनी ठेक्याच्या आठ मात्रांतून तिट, कत, गदिगन असे बोल उमटू लागतात. हे बोल ध्रुपदाच्या साथीतील बारा मात्रांच्या चौतालाला आणि चौदा मात्रांच्या धमाराला परके नाहीत. देवळातील मृदंग आणि दरबारातील पखवाज ही एकाच घरची भावंडे आहेत.

याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. एकोणिसाव्या शतकातील थोर पखवाजी नाना पानसे हे वाईजवळच्या बावधनचे (पुण्याच्या वेशीवरील मुळशीचे बावधन ते नव्हे). ते काशीस गेले, बाबू जोधसिंहांपाशी शिकले आणि पुढे इंदूरच्या होळकर दरबारी राहून त्यांनी स्वतःची परंपरा निर्माण केली. सखारामपंत आगळे, अंबादासपंत आगळे, गोविंदराव बऱ्हाणपूरकर अशा वादकांनी ती पुढे चालविली. काशीक्षेत्राच्या वाटेवर ज्याला गुरू लाभला, त्याची विद्या आज आपल्या सप्ताहांत ऐकू येते. प्रवासात कान उघडे ठेवल्याचे फळ ते आणखी कोणते?

यावर कोणी भाविक म्हणतील की, देवापुढचा मृदंग ही सेवा आहे; तिची मैफल कशास करावयाची? आक्षेप मनापासूनचा आहे आणि मंडपात वाहवा नि टाळ्यांचा कल्लोळ आम्हांसही रुचणार नाही. परंतु सेवा म्हणजे ऐकू न येणारी गोष्ट नव्हे. आज अनेक ठिकाणी ध्वनिक्षेपकांची भिंत इतकी मोठी असते की डाव्या पुडीचा नाद तिच्यात बुडून जातो आणि केवळ दणका उरतो. रोषणाई नि ध्वनियंत्रणेवर सढळ हाताने खर्च होतो. वादकाची बिदागी मात्र हात आखडून दिली जाते. वर्षानुवर्षे गुरूपाशी बसून, मग एस.टी.ने पखवाज सांभाळीत गावोगाव हिंडणाऱ्या मुलाला जर हेच पदरी पडत असेल, तर त्याच्या धाकट्या भावाने ती वाट का धरावी?

आमची सूचना अगदी साधी आहे. सप्ताहाच्या पत्रिकेवर मृदंगवादकाचे नाव कीर्तनकाराच्या नावाखाली, तितक्याच ठळक अक्षरांत छापावे. एखाद्या रात्री जागरापूर्वी अर्धा-पाऊण तास केवळ मृदंगवादन ठेवावे. टाळ लय धरून राहतील, ध्वनिक्षेपक निम्म्यावर आणावा आणि गावातील मुलांबरोबर मुलींनाही पुढे बसवावे. ज्यांना मृदंग शिकण्याची ओढ लागेल, त्यांच्यासाठी ग्रामस्थांनी एक वाद्य देवळात ठेवावे.

पौर्णिमेला हनुमान जयंती आहे. तोवर अनेक गावी सप्ताह चालू असतील. सुटीत मुळशीच्या जलाशयाकडे किंवा घाट उतरून कोकणात निघालेल्या कुटुंबांनी वाटेत मंडप दिसल्यास गाडी कडेला लावावी, पादत्राणे काढावीत आणि काल्याचा प्रसाद होईपर्यंत बसावे. निघताना बुवांच्या पाया पडाल, तेव्हा त्यांच्या मागे कणीक खरवडून काढीत बसलेल्या त्या तरुणाचे नाव-गावही विचारून घ्यावे.