एका दात्याचं गणित
दुधाचे कॅन लादून घाट चढताना गाडी रडायला लागली की मालक थेट इंजिनाचा बोअर वाढवायच्या गोष्टी करतो. अहो, आधी पुढचं स्प्रॉकेट बघा! पुढे १४, मागे ४२ दाते असले तर गुणोत्तर ३. पुढचा एकच दाता कमी केला की ३.२३, म्हणजे चाकाला जवळपास ८ टक्के जादा ओढ. तेवढ्याचसाठी मागे ४५ दाते घालावे लागतात, वर बहुधा लांब चेनही. अर्थात सपाटीवर ६०च्या वेगाला इंजिन पूर्वीच्या ६५इतकं फिरणार आणि लहान चक्रावर जास्त वळून चेन लवकर झिजणार. रोज हायवेने जाणाऱ्याने या फंदात पडूच नये. आणि झिजक्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवणारा मेकॅनिक भेटलाच, तर गाडी ढकलत घरी न्यावी.