शाहिराची बिदागी

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात जा किंवा अकोल्याच्या अशोक वाटिकेत, भीमगीते कानी पडतातच. मात्र हल्ली डीजेच्या दणदणाटात शाहिराची ढोलकी बुडून जाते. मग आपली वडीलधारी मंडळी म्हणतात, गाणे बाजारू झाले, गायक पैशाच्या मागे लागले. समाजबांधवांनो, गायकाला दोष देणे सोपे आहे. पण आधी आपला हिशेब तपासून पाहू.

लोकांना आवडणे म्हणजे विकले जाणे नव्हे. आपल्या वऱ्हाडच्या गाडगेबाबांनी वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न विचारून कीर्तनाला गर्दी जमवली, पण गर्दीला आवडावे म्हणून अंधश्रद्धेवरचा आसूड कधी सैल सोडला नाही. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिले गीत रचले, तेही हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर. पुढे आयुष्यभर त्यांची लेखणी चळवळीसाठी झिजली. म्हणजे चाल उसनी चालते, विचार उसना चालत नाही.

प्रल्हाद शिंदे यांचे उदाहरण वेगळे आहे. त्यांनी भीमगीते गायिली, कव्वाल्या गायिल्या, तशी विठ्ठलाची आणि गणपतीचीही गाणी गायिली. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला ते खटकले तर नवल नाही. पण भीमगीताचा हंगाम जयंती, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि महापरिनिर्वाण दिन एवढाच धरला, तर बाकीचे महिने गायकाच्या घरची चूल कशावर पेटावी? वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. हा प्रश्न मात्र आजही आपल्या दारात उभा आहे.

आमची कितीतरी मंडळे वर्गणीतून डीजेची सुपारी आगाऊ देतात. शाहिराला मात्र "समाजाचेच काम आहे" म्हणून हार घालून वाटेला लावतात. पेटीवाला, ढोलकीवाला, कोरसच्या बाया, सगळे रोजी बुडवून आलेले असतात. गीत ज्याने लिहिले त्याचे नावही माईकवरून घेतले जात नाही.

तेव्हा येत्या जयंतीला एवढे करू या. शाहिराची बिदागी बोलावतानाच ठरवावी आणि निम्मी हाती द्यावी. प्रत्येक गीताआधी गीतकाराचे नाव पुकारावे. डीजेच्या खर्चातून एक संध्याकाळ तरी जलशासाठी काढावी, आणि लेकराबाळांना घेऊन पुढच्या रांगेत बसावे.

एवढे केले की गायकाला हक्काने सांगता येईल : बाबा, चाल कोणतीही घे, पण टाळ्यांसाठी बाबासाहेबांना देव करू नकोस. त्यांच्या नुसत्या नावाचा गजर नको, त्यांनी सांगितलेले शिक्षण आणि स्वाभिमान गाण्यात येऊ दे.

कलावंताला उपाशी ठेवून त्याच्याकडे निष्ठा मागणे आपल्याला शोभत नाही.

जयभीम!