वाढ्याचा मुरघास

गळीत हंगाम भरात आला की कोल्हापूर-सांगलीकडे फडाच्या बांधावर मोटारसायकली येऊन थांबू लागतात. तोडणी कामगार कोयत्याने उसाचा शेंडा उडवतात आणि त्या हिरव्या शेंड्यांच्या पेंढ्या बांधून विकतात. ही त्यांची वरकमाई. दुभतं जनावर असलेल्या घरात हंगामभर हेच वाढं. कारखान्यांचे पट्टे पडले की ते संपतं, आणि मे महिन्यात कडब्याचा भाव ऐकून गोठ्याचा मालक गप्प होतो.

खरं तर हंगामात सगळं वाढं खपतही नाही. उरलेलं फडातच वाळतं, पाचटाबरोबर पेटतं. त्याचा मुरघास उत्तम होतो, कारण आंबण्यासाठी लागणारी साखर शेंड्यात असतेच. पाचट मात्र त्यात घालायचं नाही. कोरड्या पाल्याच्या मध्ये हवा अडकते.

वाढं ताजं असतानाच कुट्टी करायची, तुकडे दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर. पाण्याचं प्रमाण ६५ ते ७० टक्के हवं. ते बघायला यंत्र लागत नाही. मूठभर कुट्टी करकचून दाबायची. बोटांतून पाणी ठिबकलं तर माल फार ओला. मूठ उघडताच सगळं विस्कटलं तर फार वाळलेला. गोळा सावकाश सुटला की कामाला लागायचं.

टनाला किती गूळ, किती मीठ, किती ताक, ही यादी मोबाइलवर गावोगाव फिरते आणि पुष्कळांना पाठ असते. तुडवायचा कंटाळा करणारेही बहुधा तेच. मुरघासाचं सगळं गणित हवा बाहेर काढण्यात आहे. खड्डा असेल तर थरावर थर देऊन ट्रॅक्टर फिरवायचा. पिशवी असेल तर कोणीतरी आत उतरून कोपरे पायाने दाबायचे. हवा संपली की लॅक्टिक आम्ल तयार करणारे जिवाणू जोर धरतात, सामू चारच्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. फिनलंडच्या आर्तुरी विर्तानेन यांनी हा सामू झटपट उतरवायला चाऱ्यात थेट खनिज आम्लं मिसळली. त्यांच्या चारा टिकवण्याच्या पद्धतीची दखल १९४५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलने घेतली. आपल्याकडे हे काम जिवाणूंवर सोपवून दीड महिना थांबलं तरी भागतं.

तेवढ्यात उंदराने पिशवीला भोक पाडलं नाही, तर उघडल्यावर पिवळसर हिरवा रंग आणि आंबूस वास येतो. काळा पडलेला, बुरशी धरलेला भाग सरळ उकिरड्यावर टाकावा. गाभण जनावराला तर तो चुकूनही घालू नये. एकदा तोंड उघडलं की रोज थर काढायचा आणि लगेच झाकायचं.

स्वीटकॉर्नच्या ताटांचाही असाच मुरघास करता येतो. कणसं तोडली तेव्हा ताटं हिरवीच असतात, पण कुट्टी करायला दोन-चार दिवसांचीच सवड.

वाढ्याची एक खोड मात्र मुरवूनही पुरती जात नाही. त्यातलं ऑक्झलेट जनावराच्या अंगचं कॅल्शियम अडवतं, शिवाय प्रथिनं कमीच. म्हणून मुरघासाच्या पाटीत खनिज मिश्रण पडलं पाहिजे, जोडीला पेंड किंवा लसूणघास हवा.