तेरावा नंबर

दत्तू भोकनळ म्हटलं की आपल्याकडे आधी विहीर आठवते. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा मुलगा, वडिलांबरोबर विहिरी खोदायचा, पुढे पेट्रोल पंपावर काम केलं, २०१२ साली सैन्यात गेला आणि तिथे हातात वल्हं आलं. चार वर्षांत थेट ऑलिंपिक! सगळं खरं आहे, सांगण्यासारखंही आहे. पण मला आता या कथेचा वैताग येतो. विहिरीवरच सगळी शाई संपते आणि शर्यत एका ओळीत उरकतात: 'रिओमध्ये तेरावा आला'. वाचणारा मनात म्हणतो, अरेरे.

अरेरे कशाबद्दल बुवा?

सिंगल स्कल्स म्हणजे एक माणूस, दोन वल्ही आणि २००० मीटर पाणी. बोट कमीत कमी १४ किलोची, जेमतेम अंगाच्या रुंदीची. आणि गंमत म्हणजे बसायचं उलटं! शेवटची रेषा पाठीमागे, डोळ्यांसमोर फक्त मागे पडलेले. तुम्हीच शेवटी असाल तर समोर नुसतं पाणी.

६ ऑगस्ट २०१६ला दत्तू पहिल्या फेरीत तिसरा आला आणि उपांत्यपूर्व फेरीत गेला. (दुसऱ्या दिवशी तर वाऱ्यामुळे रोइंगच्या सगळ्या शर्यती रद्द कराव्या लागल्या.) उपांत्यपूर्व फेरीत चार शर्यती, प्रत्येकी सहा बोटी, पहिले तीन पुढे. दत्तू चौथा. पहिल्या बारांचं दार तिथेच बंद झालं.

पण रोइंगमध्ये हरलेल्याला लगेच घरी पाठवत नाहीत. ए, बी, सी अशा फायनल्स लावून प्रत्येकाचा नंबर ठरवतात. सी फायनल जिंकणारा तेरावा. म्हणजे त्या दिवसानंतर दत्तूसाठी शिल्लक असलेला सगळ्यात वरचा नंबर तेरावाच होता, आणि त्याने तोच घेतला. ६ मिनिटं ५४.९६ सेकंद, शर्यतीत पहिला!

मेडल मिळणार नाही हे पक्कं माहीत असताना २००० मीटर जीव तोडून मारायचे.. प्रोजेक्ट गुंडाळणार आहेत हे कळल्यावर आपण किती मन लावून कोड लिहितो? असो.

मुख्य फायनलमध्ये न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन, दोघांची वेळ सारखीच, ६:४१.३४. फोटो बघून ड्रायस्डेलला सुवर्ण दिलं. वारा सारखा बदलतो, त्यामुळे दोन शर्यतींच्या वेळा अशा शेजारी ठेवू नयेत म्हणतात. तरी अंदाज येतो: तेरा-चौदा सेकंदांचा फरक, वल्हं धरून चारच वर्षं झालेल्या माणसाचा.

ऑलिंपिकच्या पुरुष सिंगल स्कल्समध्ये भारताचा याहून वरचा नंबर अजून नाही. २००८ला बजरंगलाल ठाकर एकविसावा, २०१२ला स्वर्ण सिंग सोळावा, २०२४ला पॅरिसमध्ये बलराज पंवार तेविसावा. गरिबी दत्तूच्या वाट्याला आली होती, सी फायनल त्याने मारली. कौतुक करायचं तर दुसऱ्या गोष्टीचं करा की!

२०१८च्या एशियाडमध्ये पालेंबांगला सिंगलच्या फायनलमध्ये तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशी स्वर्ण सिंग, ओमप्रकाश आणि सुखमीत सिंगबरोबर चौघांच्या बोटीत बसला आणि सुवर्णपदक घेऊन उतरला. त्या शर्यतीचा व्हिडिओ मिळाला तर जरूर बघा, सव्वासहा मिनिटंच लागतात.