आकाशातला डोळा तलावाकडेही वळवा!



आमची कपाशी वाळली की ज्वारी करपली, हे आता नुसते बांधावरून ठरत नाही. केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेने पावसाच्या आकड्यांबरोबर उपग्रहाला दिसणारा पिकाचा हिरवेपणाही कसोटीला लावला. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातले १५१ तालुके याच संहितेने दुष्काळी ठरले. बांधावर पाहणी होते, पण नमुन्याच्या गावांत.

विज्ञानाशी आमचे भांडण नाही. भांडण आहे ते त्याचा डोळा फक्त आमच्याच शेतावर रोखण्याशी. ज्याला पिकाचा हिरवेपणा दिसतो, त्याला तलावातले पाणीही दिसते. पाणी अवरक्त किरण शोषून घेते, म्हणून त्या चित्रात ते काळे उमटते. युरोपचे सेंटिनेल-२ उपग्रह २०१५ पासून अशी चित्रे घेतात आणि फुकट देतात. चित्रातला एक चौकोन १० बाय १० मीटरचा, म्हणजे जवळपास एक गुंठा! ३० बाय ३० मीटरचे शेततळे नऊ चौकोनांचे. मग गावचा पाझर तलाव लपेल कुठे?

जलयुक्त शिवारावर ९,६३४ कोटी रुपये खर्चूनही भूजल वाढवण्यात फारसा परिणाम झाला नाही, असा ठपका २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनीच ठेवला. आमचे कर्ज थकले तर सातबारावर बोजा चढतो. तलाव कोरडा राहिला तर कोणाच्या उताऱ्यावर काय चढते?

साहेब म्हणतील, तलाव गळाला की पाऊसच नव्हता, हे चित्र सांगत नाही. पावसाळ्यात ढग आडवे येतात. विहिरीतले पाणी वरून दिसत नाही. कबूल! मग हाच न्याय आमच्या पिकालाही लावा. चित्र पुरावा माना, निकाल मानू नका.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. सरकारी पैशाने बांधलेल्या प्रत्येक तलावाचे दिवाळीनंतरचे आणि होळीचे चित्र खर्चाच्या आकड्याशेजारी ग्रामसभेत लावा. दुष्काळाचा निर्णय ज्या चित्रांवर आणि आकड्यांवर झाला, ते तालुक्यात मराठीत जाहीर करा. विहिरींचे पाणी गावकऱ्यांसमोर दोर सोडून मोजा.

आमच्या शेताची झडती घ्यायची तर खुशाल घ्या. पण त्याच डोळ्याने तुमच्या कामाचीही झडती होऊ द्या!