इंग्रजी आधी कानावर पडू द्या

मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवणाऱ्या सर्व शिक्षक-शिक्षिकांना एक विनंती आहे. शाळा जिल्हा परिषदेची असो, नगरपालिकेची असो की एखाद्या संस्थेची. मोबाइलमध्ये इंग्रजीच्या नावाखाली साठलेला पीडीएफ, वर्कशीट आणि लिंकांचा ढीग काही दिवस बाजूला ठेवा. त्यातलं बहुतेक साहित्य व्याकरणाचं असतं: काळ ओळखा, रिकाम्या जागा भरा, प्रयोग बदला. त्याची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेपासून आजच्या गाइडांपर्यंत ते मुबलक आहे. टंचाई आहे ती कानावर पडणाऱ्या इंग्रजीची आणि मुलाला आपलं आपण वाचता येईल अशा सोप्या गोष्टींची. इंटरनेटवरून या दोनच गोष्टी मनापासून घ्या. बाकीचं राहिलं तरी चालेल.

रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, २००० साली, राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. त्याआधी ते पाचवीत यायचं. म्हणजे आज पाचवीच्या वर्गात येऊन बसणारं मूल चार वर्षं इंग्रजी घेऊन आलेलं असतं. पण त्या चार वर्षांत त्याने इंग्रजी ऐकलं किती? बाई किंवा सर बोलले तेवढंच. घरी नाही, गल्लीत नाही, आठवडी बाजारात नाही. आणि बाई-सर तरी किती बोलतात? धड्यातलं वाक्य वाचायचं, लगेच मराठीत अर्थ सांगायचा, पुढच्या वाक्याला लागायचं. यात शिक्षकाचा दोष काढण्यात अर्थ नाही. आपली पिढी इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली आहे, कानांनी नाही.

म्हणून सुरुवात वर्गापासून करू नका, स्वतःपासून करा. उद्याच्या धड्यातले अडतील असे शब्द केंब्रिज किंवा ऑक्सफर्ड लर्नर्स डिक्शनरीच्या संकेतस्थळावर टाका. शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबलं की ब्रिटिश आणि अमेरिकन असे दोन्ही उच्चार ऐकू येतात. गाइडात शब्दाखाली देवनागरीत छापलेल्या उच्चारावर विसंबू नका. आपल्याकडे ‘डिटरमाइन’ सर्रास म्हटलं जातं, ते ‘डिटर्मिन’ आहे. ‘व्हेजिटेबल’ चार अवयवांत म्हणायची गरज नाही, ‘व्हेज्टबल’ पुरतं. आणि देवनागरीत जी गोष्ट दिसतच नाही, ती म्हणजे आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफी’त तो दुसऱ्यावर जातो. हे नियम पाठ करून येत नाही, ऐकूनच बसतं. शब्द एकटा ऐकून समाधान झालं नाही तर युग्लिश नावाच्या संकेतस्थळावर तोच शब्द टाका. यूट्यूबवरच्या भाषणांत, मुलाखतींत तो जिथे जिथे आला आहे, नेमके तेवढे तुकडे ते एकामागून एक दाखवतं. खरी माणसं बोलताना तो शब्द कसा गिळतात, कुठे लांबवतात, हे दहा मिनिटांत कळतं.

त्यापुढची पायरी बीबीसी लर्निंग इंग्लिश. बीबीसीचं इंग्रजी शिकवण्याचं काम १९४३ पासून, रेडिओच्या काळापासून चालू आहे. त्यातला ‘सिक्स मिनिट इंग्लिश’ हा कार्यक्रम शिक्षकांसाठी उत्तम, कारण सोबत संपूर्ण संहिता असते. आधी न वाचता ऐका, मग संहिता पाहत ऐका, आणि मग त्या बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच लयीत स्वतः बोला. दार लावून बोला, कुणी हसत नाही. मोबाइलवर आपलाच आवाज रेकॉर्ड करून ऐकणं सुरुवातीला फार जड जातं, पण त्याइतका परखड परीक्षक दुसरा नाही. मुलांना मात्र हा कार्यक्रम लावू नका. तो मोठ्यांसाठी आहे आणि त्याचा वेग त्यांना झेपणार नाही.

मुलांसाठी काय? लहान वर्गांना ब्रिटिश कौन्सिलचं ‘लर्नइंग्लिश किड्स’ आहे. त्यात गाणी, छोट्या चित्रकथा आणि छापून घेता येतील असे कागद आहेत. माध्यमिकच्या मुलांसाठी त्यांचंच ‘लर्नइंग्लिश टीन्स’, पातळीनुसार लावलेलं. नववीचा वर्ग आहे म्हणून वरची पातळी उघडू नका. अगदी खालून, ए-वनपासून सुरू करा. मुलांना सोपं गेलं तर बिघडलं काय? इंग्रजी ऐकून कळलं, हा अनुभवच त्यातल्या अनेकांना नवा असतो.

या बाबतीत अमेरिकेच्या सरकारी रेडिओचं एक जुनं काम मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. व्हॉइस ऑफ अमेरिकाने ऑक्टोबर १९५९ मध्ये ‘स्पेशल इंग्लिश’ नावाचं प्रसारण सुरू केलं. सुमारे दीड हजार शब्दांचा साठा, लहान वाक्यं आणि नेहमीच्या वेगाच्या दोनतृतीयांश वेगाने वाचन, अशी त्याची शिस्त होती. पुढे त्याचंच ‘व्हीओए लर्निंग इंग्लिश’ झालं. बातम्या, विज्ञान, अमेरिकी लघुकथा, सगळं हळू आणि स्वच्छ आवाजात, शेजारी मजकूर. मात्र मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारच्या आदेशानंतर व्हॉइस ऑफ अमेरिकाचं कामकाज ठप्प झालं. यातून आपल्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट निघते. इंटरनेटवर आहे म्हणजे कायमचं आहे असं समजू नका. जे उपयोगी पडलं आणि उतरवून घ्यायला परवानगी आहे, ते त्याच दिवशी उतरवून ठेवा.

आता वाचनाकडे येऊ. इथे प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’ची शिफारस मी डोळे मिटून करेन. २०१५ पासून चालू असलेलं हे खुलं ग्रंथालय आहे. गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत, चित्रं भारतीय आहेत, आणि परवाना असा की तुम्ही गोष्ट उतरवून घ्या, छापा, वाटा, तिचं भाषांतर करा, कुणी हरकत घेणार नाही. मूळ लेखक-चित्रकाराचं नाव तेवढं राहू द्यायचं. अनेक गोष्टी मराठीतही आहेत आणि इंग्रजीतही. आधी मराठीतली वाचून घ्या, हसून घ्या, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत हातात द्या. गोष्ट आधीच ठाऊक असल्यामुळे मूल शब्दाशब्दाला अडत नाही, अंदाज बांधत पुढे जातं. आणि अंदाज बांधत पुढे जाणं हेच वाचन. पाठ्यपुस्तकात ही सवय लागायला जागाच नसते, कारण तिथे प्रत्येक शब्दाखाली रेघ मारून अर्थ लिहायचा असतो.

सोपं आणि भरपूर वाचावं, ही कल्पना काही आयती परदेशातून आलेली नाही. ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज प्राचार्य होते. १९२० च्या दशकात त्यांनी बंगाली मुलांची इंग्रजी पुस्तकं तपासली तेव्हा पानोपानी नव्या शब्दांचा मारा दिसला. त्यांनी नवे शब्द कमी करून, तेच पुन्हा पुन्हा आणून पुस्तकं नव्याने लिहिली. नेहमीच्या वापरातल्या सुमारे दोन हजार शब्दांची त्यांची यादी १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिची नवी आवृत्ती म्हणावी अशी ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ २०१३ मध्ये आली. तीत सुमारे २८०० शब्द आहेत आणि ती इंटरनेटवर फुकट मिळते. मुलांकडून शब्द पाठ करून घ्यायचेच असतील तर या यादीतले घ्या. ‘हिप्पोपोटॅमस’चं स्पेलिंग आलं म्हणून टाळ्या वाजवणं पुरे.

वर्गात ऐकवायचं कसं, याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक ठिकाणी इथेच गाडी अडते. व्हिडिओ लावला, मुलं बघत बसली, तास संपला, असं झालं तर ते इंग्रजी नव्हे, करमणूक. तुकडा एक-दोन मिनिटांचा निवडा, त्याहून मोठा नको. लावण्याआधी फळ्यावर दोन साधे प्रश्न लिहा: गोष्टीत माणसं किती, आणि शेवटी कोण चिडलं. पहिल्यांदा ऐकवताना मजकूर दाखवू नका. चित्र असेल तर स्क्रीन उलटी करून फक्त आवाज ऐकवून बघा. मुलं कान टवकारतात. उत्तरं मराठीत आली तरी घ्या. दुसऱ्यांदा ऐकवा आणि शेजारच्याशी उत्तर जुळवायला सांगा. तिसऱ्यांदा मजकूर हातात द्या. चौथ्यांदा सगळ्यांनी आवाजाबरोबर वाचायचं. वेग जास्त वाटला तर यूट्यूबवर आणि व्हीएलसी प्लेअरमध्ये तो कमी करता येतो. अगदी कमी करू नका, आवाज घोगरा होतो. यूट्यूबची आपोआप उमटणारी इंग्रजी अक्षरं मात्र तपासल्याशिवाय दाखवू नका, भारतीय नावांची ती फार वाट लावतात. आणि प्रत्येक वाक्याचं भाषांतर करायचा मोह आवरा. सगळ्यांत कठीण हेच आहे, मला ठाऊक आहे.

शिक्षकांसाठी म्हणून न बनलेलं साहित्यही भरपूर कामाचं असतं. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी बंगळूर-मद्रास भागातल्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरण शिकवायचंच नाही, मुलांना सोडवायला कामं द्यायची: रेल्वेचं वेळापत्रक वाचून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, नकाशा पाहून रस्ता सांगा. डोकं प्रश्नात गुंतलं की भाषा मागून येते, हा त्यांचा विश्वास. तेव्हा त्यांना वेळापत्रकं जमवावी लागली असतील, आज ती तुमच्या खिशात आहेत. मनमाडहून मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची इंग्रजी यादी उतरवून घ्या आणि विचारा: दुपारी बाराच्या आत दादरला पोचायचं आहे, कोणती गाडी? हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाज घ्या, कांदा काढावा की थांबावं ते मुलांना ठरवू द्या. क्रिकेटचं तर विचारूच नका. चेंडूगणिक लिहिलेलं इंग्रजी समालोचन क्रिकइन्फोवर फुकट आहे. आदल्या दिवशीचा सामना पाहिलेला असतो, त्यामुळे एरवी मागच्या बाकावर झोपणारा मुलगा ते वाचताना पुढे सरकतो.

दीक्षा आणि बालभारतीच्या ई-पुस्तकांबद्दल तुम्हाला सांगायला नको. पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करा, धड्यासाठी ते पुरेसं आहे. गूगलने २०१९ मध्ये ‘बोलो’ नावाने भारतात आणलेलं आणि पुढे ‘रीड अलाँग’ झालेलं ॲप मूल वाचत असताना ऐकतं आणि चुकलं तर शब्द म्हणून दाखवतं. पट कमी असेल आणि एखादा जादा मोबाइल असेल तर वापरून पाहा.

काय टाळावं? प्रोजेक्ट गटेनबर्ग आणि लिब्रिव्हॉक्स ही दोन्ही मोठी कामं आहेत, पण तिथली पुस्तकं जुनी, इंग्रजी शंभर वर्षांपूर्वीचं. फुकट आहेत म्हणून आठवीच्या मुलाच्या माथी मारू नका. टेलिग्रामवर फिरणाऱ्या परदेशी वाचनपुस्तकांच्या चोरट्या पीडीएफही नकोत. मुलांना कॉपी करू नका म्हणणारे आपणच. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटकडून ‘या वीस शब्दांत गोष्ट लिहून दे’ असं काम करून घेता येतं, वेळ वाचतो. पण गोष्ट वर्गात नेण्याआधी ती शब्दन् शब्द वाचा. मुलांना न आलेले शब्द त्यात गुपचूप घुसलेले असतात, आणि गोष्ट बऱ्याचदा बेचव असते.

हे सगळं एकट्याने रेटायला गेलात तर महिन्याभरात उत्साह आटेल. ब्रिटिश कौन्सिल, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट्स यांनी चालवलेल्या ‘तेजस’ उपक्रमात प्राथमिक शिक्षकांचे छोटे गट नियमित भेटत, एकमेकांशी इंग्रजीत बोलत आणि वर्गात काय केलं ते सांगत. त्यासाठी शासन निर्णयाची वाट पाहायची गरज नाही. पुढच्या शिक्षण परिषदेत केंद्रप्रमुखांकडे अर्धा तास मागून घ्या. ज्याच्या गावात रेंज चांगली आहे त्याने पुढच्या महिन्याचं उतरवून आणायचं: स्टोरीवीव्हरच्या गोष्टी दोन्ही भाषांत, ऐकायचे छोटे तुकडे आणि त्यांचा मजकूर. इयत्तावार फोल्डर करा, पेनड्राइव्हवर घ्या आणि वाडी-वस्तीवरच्या शाळांना द्या. बारका ब्लूटूथ स्पीकर एका शाळेत असला तरी केंद्रात फिरवता येतो. वीज गेली तरी तो चालतो, टीव्ही चालत नाही. पेनड्राइव्ह साफ करायच्या आधी मात्र त्यात पोषण आहाराची किंवा मतदार यादीची एखादी फाइल अडकलेली नाही ना, तेवढं बघून घ्या.