अर्धवट बुरुजाची किंमत : महाविज्ञान प्रकल्प आणि शासनाची जबाबदारी

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे नाव आजवर तेथील प्राचीन ज्योतिर्लिंग मंदिरामुळे महाराष्ट्राला परिचित होते. आता त्याच तालुक्याचे नाव जगभरातील खगोलशास्त्रज्ञांच्याही ओठी आले आहे. विश्वाच्या दूरच्या टोकावरून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा तेथे उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने फेब्रुवारी २०१६ मध्ये या प्रकल्पास तत्त्वतः मान्यता दिली आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली. २०३० पर्यंत तो पूर्ण करण्याचे उद्दिष्ट ठरविण्यात आले.

मराठवाडा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कोरड्या विहिरी आणि कर्जबाजारी शेतकरी उभा राहतो. अशा भूमीत कोट्यवधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या कृष्णविवरांचा शोध घेण्यासाठी एवढा निधी खर्च करावा काय, हा प्रश्न साहजिक आहे. गोरगरिबांची बाजू घेणे हे ज्यांच्या श्रद्धेचे अंग आहे, त्या आपणा ख्रिस्ती भाविकांना तर तो टाळताच येणार नाही.

पंचवीस वर्षांची प्रतीक्षा

प्रथम हे कार्य काय आहे ते समजून घेऊ. गुरुत्वीय लहरींचे भाकीत आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१६ साली केले. अवकाशात प्रचंड वस्तुमानाचे गोल परस्परांवर आदळले की अवकाशच किंचित आकुंचन-प्रसरण पावते. हा बदल इतका सूक्ष्म असतो की चार किलोमीटर लांबीच्या नळीतून लेझर किरण पाठवून प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान अंतर मोजावे लागते.

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९९० साली लायगो प्रकल्पास मान्यता दिली. हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन येथे दोन वेधशाळा उभ्या राहिल्या. २००२ ते २०१० या काळातील निरीक्षणांत एकही लहर हाती लागली नाही. तरीही शासनाने हात आखडता न घेता उपकरणे सुधारण्यास निधी दिला, आणि १४ सप्टेंबर २०१५ रोजी सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर एकरूप झालेल्या दोन कृष्णविवरांची लहर प्रथमच नोंदली गेली. २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच कार्यास मिळाले. गोंगाटातून अशा लहरी वेगळ्या काढण्याच्या पद्धती विकसित करण्यात पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेतील डॉ. संजीव धुरंधर यांचा मोलाचा वाटा आहे.

मान्यता आणि यश यांत पंचवीस वर्षांचे अंतर! नफ्यासाठी चालणारी कोणती कंपनी एवढी वाट पाहील? शिवाय हाती आलेले ज्ञान कोणाच्या मालकीचे नसते; ते विकता येत नाही. म्हणून असे कार्य एक तर समाजाने शासनाच्या द्वारे करावे, नाही तर ते होतच नाही. आणि एका राष्ट्रालाही ते एकट्याने पेलत नाही. लहर कोणत्या दिशेने आली हे ठरविण्यासाठी परस्परांपासून दूर असलेल्या अनेक वेधशाळा लागतात. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर आली, तेव्हा अमेरिकेच्या दोन वेधशाळांना इटलीतील ‘व्हर्गो’ची जोड होती, म्हणूनच आकाशातील नेमका भाग ठरविता आला आणि जगभरच्या दुर्बिणी तिकडे वळल्या. सोन्यासारखी जड मूलद्रव्ये अशा घटनांत निर्माण होतात, याचा पुरावा तेव्हा मिळाला. अमेरिका आणि युरोपपासून दूर असलेली हिंगोलीची वेधशाळा या जाळ्यात आली, तर लहरींचे स्थान अधिक अचूकपणे सांगता येईल.

बुरूज बांधणाऱ्याचा दृष्टांत

मात्र या चित्राला दुसरी बाजूही आहे. संत लूकच्या शुभवर्तमानात प्रभू येशू बुरूज बांधू पाहणाऱ्या माणसाचा दृष्टांत देतात. आधी बसून खर्चाचा हिशेब न केल्यास पाया घातल्यावर काम अडते आणि बघणारे हसतात. महाविज्ञानाच्या इतिहासात असे अर्धवट बुरूज आहेत.

अमेरिकेतील टेक्सास राज्यात प्रचंड मोठा कणत्वरक बांधण्याचे काम सुरू झाले होते. अंदाजित खर्च वाढत गेला, परदेशांकडून अपेक्षित साहाय्य आले नाही, आणि ऑक्टोबर १९९३ मध्ये अमेरिकन काँग्रेसने प्रकल्प रद्द केला. तोवर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्च झाले होते आणि वीस किलोमीटरहून अधिक लांबीचा बोगदा खोदून झाला होता. प्रकल्प पूर्ण होता तर ज्ञान मिळाले असते. आरंभीच नाकारला जाता तर पैसा वाचला असता. मधेच सोडल्याने दोन्ही गेले.

फ्रान्समध्ये उभारला जात असलेला ‘इटर’ प्रकल्प हे दुसरे उदाहरण होय. सूर्याच्या गर्भात चालणाऱ्या अणुसंमीलनातून ऊर्जा मिळविता येईल काय, हे तो पाहणार आहे. युरोपीय संघ, अमेरिका, रशिया, चीन, जपान, दक्षिण कोरिया आणि भारत असे सात भागीदार त्यात असून भारताचा वाटा सुमारे नऊ टक्के आहे. त्याचे महाकाय शीतकवच गुजरातमधील हजिरा येथे घडविलेल्या भागांपासून तयार झाले. २००६ साली करार झाला तेव्हा दहा वर्षांत यंत्र सुरू होईल असे सांगण्यात आले होते. जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या नव्या वेळापत्रकानुसार संशोधनाचा प्रारंभ २०३४ मध्ये, तर प्रत्यक्ष इंधनासह प्रयोग २०३९ मध्ये होणार असून खर्चात सुमारे पाच अब्ज युरोंची भर पडणार आहे.

लायगोवरही संकटाची छाया पडली. २०२५ साली अमेरिकी प्रशासनाने पुढील वर्षाच्या अर्थसंकल्पासाठी लायगोचा निधी सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी करून दोहोंपैकी एक वेधशाळा बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. निधीचा अंतिम अधिकार तेथील काँग्रेसचा असला, तरी या प्रस्तावाने एक सत्य उघड केले : आंतरराष्ट्रीय प्रकल्पात एका भागीदाराचे मन बदलले, तर इतरांच्या कष्टाचेही मोल घटते.

गरिबांचा वाटा

आता मूळ प्रश्नाकडे वळू. २,६०० कोटी रुपये म्हणजे दर भारतीयामागे अठरा-एकोणीस रुपये. तेही अनेक वर्षांत विभागून. पण केवळ या गणिताने प्रश्न सुटत नाही. शेतमजूर स्त्री साबणाची वडी घेते तेव्हा तीही कर भरते. तिच्या रुपयाचा हिशेब तिला मिळालाच पाहिजे.

तथापि वेधशाळेसाठी दिलेला रुपया तिच्या ताटातून काढून घेतला जातो, हे मानणे बरोबर नाही. विज्ञानाचा प्रकल्प रद्द झाला म्हणून तो पैसा आपोआप आरोग्य केंद्राकडे वळत नाही. भारत संशोधनावर आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाचा एक टक्काही खर्च करीत नाही. उलट २०२४ या एका वर्षात जगाने सैन्य आणि शस्त्रास्त्रांवर सुमारे २.७ लाख कोटी डॉलर खर्च केले. संत पोप सहावे पॉल यांनी १९६७ साली ‘पोपुलोरुम प्रोग्रेसिओ’ या परिपत्रात शस्त्रांवरील खर्चाचा काही भाग दरिद्री जनतेसाठीच्या जागतिक निधीला द्यावा असे आवाहन केले होते. गरिबांचा घास कोठे अडला आहे, हे शोधताना प्रयोगशाळेच्या आधी शस्त्रागाराकडे पाहावे लागेल.

सामायिक विज्ञान तर राष्ट्रांना एकत्र बसविते. दुसऱ्या महायुद्धात परस्परांचे रक्त सांडलेल्या युरोपीय देशांनी १९५४ साली ‘सर्न’ ही संस्था स्थापन केली. तेथेच १९८९ मध्ये वर्ल्ड वाइड वेबची कल्पना जन्मली आणि १९९३ मध्ये संस्थेने ती जगाला विनामूल्य खुली केली. जॉर्डनमधील ‘सेसमी’ या संशोधन केंद्रात इस्राएल, पॅलेस्टाइन आणि इराण हे एकाच संस्थेचे सदस्य आहेत. राजकारणाच्या मेजावर हे दृश्य सहसा दिसत नाही.

ख्रिस्तसभेची दृष्टी

ख्रिस्तसभेला हे क्षेत्र परके नाही. विश्व प्रसरण पावत आहे, हा सिद्धान्त १९२७ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे बेल्जियमचे कॅथोलिक धर्मगुरू होते. आपले गणित हा श्रद्धेचा पुरावा म्हणून वापरला जाऊ नये, याविषयी ते दक्ष असत. मे २०१७ मध्ये व्हॅटिकन वेधशाळेने त्यांच्या सन्मानार्थ कास्तेल गांदोल्फो येथे कृष्णविवरे आणि गुरुत्वीय लहरी या विषयांवर परिषद भरविली, आणि पोप फ्रान्सिस यांनी त्या शास्त्रज्ञांची भेट घेतली. त्याच पोप महोदयांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ परिपत्रात मानवी बुद्धीच्या निर्मितीबद्दल कृतज्ञता व्यक्त केली, तसेच विवेक नसलेल्या तंत्रसामर्थ्याच्या धोक्याकडेही लक्ष वेधले. सृष्टी जाणून घेण्याची ओढ परमेश्वरानेच मानवाला दिली आहे. ती ओढ केवळ श्रीमंत राष्ट्रांच्या मुलांना लाभलेली नाही. हिंगोलीच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलीलाही ती आहे.

म्हणून आमचे मत असे की शासनाने अशा प्रकल्पांस साहाय्य करावे, परंतु काही अटींवर. आरंभीच खर्चाचा प्रामाणिक अंदाज संसदेपुढे ठेवावा आणि वाढ झाल्यास कारणे लपवू नयेत. मोठ्या यंत्रासाठी विद्यापीठांच्या लहान प्रयोगशाळा उपाशी ठेवू नयेत. ज्यांच्या परिसरात प्रकल्प येतो, त्या ग्रामस्थांना जमिनीचा योग्य मोबदला आणि त्यांच्या मुलांना विज्ञानशिक्षणाचा लाभ मिळावा. मिळालेले ज्ञान सर्वांना खुले असावे. आणि एकदा शब्द दिला की सरकार बदलले तरी तो पाळावा. हिंगोलीच्या प्रकल्पात तत्त्वतः मान्यता आणि प्रत्यक्ष मंजुरी यांत सात वर्षे गेली. अशी दिरंगाई हीदेखील उधळपट्टीच होय.

दृष्टांतातला माणूस बुरूज बांधू इच्छितो म्हणून प्रभू त्याला दोष देत नाहीत. ते त्याला बसून हिशेब करण्यास सांगतात. नागरिक म्हणून आपण आपल्या शासनाकडून तेवढेच मागू या : हिशेब आधी मांडा, आणि पाया घातलात तर कळस चढवा.